पुढे जाऊन आलीस, आता एकदा मागे जाऊन ये

आदरणीय बाई,

प्रभूच्या नावात सलाम.

मी २८ वर्षांची आहे, स्टाफ नर्स. गाव नगर जिल्ह्यात, नोकरी पुण्यात. आमचं घर पणजोबांपासून ख्रिस्ती, मंडळी, म्हणजे चर्च, सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). बाप्तिस्मा तान्ही असताना झाला, दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, नववीत. चर्चला जायचं, नाताळला करंज्या वाटायच्या, एवढाच माझा विश्वास होता. दोन वर्षांपासून रूममेटबरोबर एका फेलोशिपला, म्हणजे एका स्वतंत्र प्रार्थना-गटाला, जाते. देव आपल्याशी बोलतो हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. संजीवन सभेत 'ज्यांना आयुष्य प्रभूला द्यायचं आहे त्यांनी पुढे या' असं बोलावतात, तेव्हा मी पुढे जाते. असं बऱ्याचदा झालंय. खूप रडते, हलकं वाटतं. मग दोन-तीन आठवडे पहाटे उठून प्रार्थना, वचन वाचणं, सगळं नीट चालतं. नाइट ड्युटी लागली की पुन्हा थंड.

फेलोशिपचे पास्टर म्हणतात, तुझं समर्पण अर्धवट आहे, तू कोमट आहेस. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत. बुडवून बाप्तिस्मा घे, लहानपणीचा धरत नाहीत. नोकरी सोडून दोन वर्षांचा बायबल कोर्स कर आणि पूर्णवेळ सेवेत ये. वॉर्डातल्या मुलींकडे हळदीकुंकवाला, गणपतीला जाणं बंद कर. आई म्हणते, पुन्हा बाप्तिस्मा घेतलास तर मी आपल्या मंडळीच्या पाळकसाहेबांना तोंड कसं दाखवू?

मी दशांश, म्हणजे उत्पन्नातला देवाचा दहावा वाटा, न चुकता देते, महिन्याला २,००० रुपये. कुणाचं वाईट चिंतत नाही. जुन्या हॉस्पिटलमध्ये भिशीचं एक प्रकरण झालं होतं. बारा जणींची भिशी, २,००० ची. पहिलाच नंबर माझा लागला, पाच हप्ते भरले आणि मी नोकरी बदलली. भिशी चालवणाऱ्या वॉर्डातल्या मावशींनी पुढचं सांभाळून घेतलं असं नंतर कळलं. ते आता मिटल्यातच जमा आहे. बाकी मनावर काही ओझं नाही. तरी मला पूर्ण मनाने देवाचं का होता येत नाही?

— एक कोमट मुलगी, पुणे

प्रिय मुली,

सलाम. 'कोमट' ही तुझी सही आधी बाजूला ठेवते. तिच्याकडे नंतर येऊ.

आधी रडण्याचं बोलू. सभेत पुढे जाऊन रडलीस यात लाजण्यासारखं काही नाही, तसंच मिरवण्यासारखंही काही नाही. मांडव भरलेला, कीबोर्डवर एकच सूर लांबवलेला, वक्ता बसक्या आवाजात 'अजून एक जण आहे, मला दिसतंय, अजून एक जण' म्हणतोय. अशा वेळी ड्युटी करून थेट तिथे आलेल्या मुलीला रडू नाही आलं तरच नवल. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. देव मांडवातही भेटतो. पण पुढे जाणं म्हणजेच समर्पण, असं तुझ्या डोक्यात बसलेलं दिसतंय आणि तिथेच घोटाळा आहे. ही पद्धत शास्त्रातली नाही. अमेरिकेत १८३० च्या सुमारास चार्ल्स फिनी नावाच्या सुवार्तिकाने ती गाजवली. सभेत पुढचा एक बाक मोकळा ठेवायचा आणि ज्यांच्या मनात कालवाकालव चालली आहे त्यांना तिथे येऊन बसायला सांगायचं. तिथून ती पसरत पसरत आपल्या मांडवांपर्यंत आली. त्याआधीची अठराशे वर्षं लोक त्या बाकाशिवायच ख्रिस्ताला आयुष्य देत होते, काही जण तर जीवही देत होते. तेव्हा बाकावरची भावना तीन आठवड्यांत ओसरली म्हणून समर्पणच फोल ठरलं असं धरू नकोस.

मेथडिस्ट मंडळीचा पाया घालणाऱ्या जॉन वेस्लीची गोष्ट तू प्रवचनात ऐकली असशीलच. २४ मे १७३८, लंडनमधला आल्डर्सगेट रस्ता, रात्री पावणेनऊची वेळ. कुणीतरी ल्यूथरचं लिखाण वाचत होतं आणि ते ऐकता ऐकता वेस्लीच्या मनात एकाएकी ऊब दाटून आली. प्रवचनात गोष्ट इथे संपते. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आठ महिनेही उलटले नव्हते, तेव्हा, १७३९ च्या जानेवारीत, याच माणसाने रोजनिशीत लिहून ठेवलं की मी ख्रिस्ती नाही. ऊब गेली होती. आणि त्याच एप्रिलमध्ये तो ब्रिस्टलजवळ उघड्यावर खाणमजुरांपुढे प्रवचन करत उभा होता. ऊब परत येईपर्यंत तो थांबला असता तर मेथडिस्ट मंडळीच उभी राहिली नसती. पुढे १७५५ मध्ये त्याने करार नव्याने करण्याची उपासना सुरू केली. जगभरचे मेथडिस्ट आजही ती बहुधा नव्या वर्षाच्या सुरुवातीला करतात. तिच्या प्रार्थनेत 'तुझ्यासाठी मला कामाला लाव, नाहीतर तुझ्यासाठीच बाजूला बसव' अशा आशयाची एक ओळ आहे. त्या ओळीत भावनेचा काही संबंध नाही. बाजूला बसवलं तरी चालेल म्हणणं हे रडण्यापेक्षा फार अवघड आहे, करून बघ. सांगायचं एवढंच की समर्पण पुन्हा पुन्हा करावं लागतं, सगळ्यांनाच करावं लागतं. तू परत परत पुढे जातेस म्हणून तुझ्यात काही खोट आहे असं होत नाही.

आता बाप्तिस्मा. तू सी.एन.आय.ची आहेस ना? ही मंडळी २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्याच नागपुरात स्थापन झाली. सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे मोठेपणीच आणि बुडवूनच देणारे बाप्टिस्टही होते. एकीची बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे चाळीस वर्षं. त्यात हा पाण्याचा प्रश्न काही कमी तापला नसणार. शेवटी मार्ग असा निघाला की दोन्ही रीती मान्य, ज्या घराला जी हवी ती. मात्र एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही. तुझ्या पास्टरांपेक्षा कमी शास्त्र शिकलेली माणसं नव्हती ती. उलट पास्टरांसारखं मानणारे लोकही जगात लाखोंनी आहेत आणि प्रामाणिकपणे मानतात, त्यांना मी चूक ठरवायला बसलेली नाही. तू स्वतः अभ्यास करून, पाळकसाहेबांशी बसून बोलून, वर्षभराने त्या मताची झालीस तर तो तुझा आणि देवाचा प्रश्न. पण आत्ता तुला दुसरा बाप्तिस्मा हवाय तो पहिल्याबद्दल शंका आहे म्हणून नाही. आपलं समर्पण खरं असल्याचा काहीतरी पुरावा तुला हवाय. पुराव्यासाठी पाण्यात उतरलीस तर तीन आठवड्यांनी नाइट ड्युटी लागणारच आहे. मग तिसऱ्यांदा कुठे उतरशील?

त्यापेक्षा दृढीकरणाच्या उपासनेचा क्रम पाळकसाहेबांकडून मागून घे आणि खोलीत दार लावून वाच. त्यात प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं तू स्वतःच्या तोंडाने, सगळ्या मंडळीसमोर दिलेली आहेस. नववीतल्या मुलीचं निम्मं लक्ष नव्या पांढऱ्या ड्रेसकडे असतं, हे मला चाळीस वर्षं शाळा शिकवून माहीत आहे. पण उत्तर दिलं ते दिलं. आता अठ्ठाविसाव्या वर्षी प्रत्येक उत्तरापाशी थांब आणि हे मी आजही म्हणते का, ते बघ. आईलाही यात तोंड लपवण्यासारखं काही उरणार नाही.

नोकरी सोडू नकोस. निदान आत्ता नाही आणि या कारणासाठी तर नाहीच.

लूकच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे लोक येतात आणि विचारतात, आम्ही करावं तरी काय? योहान काही मऊ बोलणारा माणूस नव्हता, समोरच्यांना सापाची पिल्लं म्हणून मोकळा झाला होता. त्याच्यापुढे जकातदार येतात, शिपाई येतात. दोन्ही धंदे त्या काळी बदनाम. नोकरी सोडून माझ्याबरोबर रानात चला, असं योहान त्यांना म्हणत नाही. जकातदारांना म्हणतो, ठरलंय त्याहून जास्त वसूल करू नका. शिपायांना म्हणतो, कुणाला धाकदपटशा दाखवून पैसे काढू नका, पगारात भागवा. पश्चात्तापाची खूण काय विचारलं तर त्याने प्रत्येकाला त्याच्या त्याच्या कामातली पैशाची गोष्ट दाखवली. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

सगळं सोडणारी माणसं असतात, नाही असं नाही. कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पण ते साल १९१७. बाप्तिस्मा झाला होता १८९५ मध्ये. मधली बावीस वर्षं त्यांनी मिशनचं काम केलं, कविता केल्या, संसार केला. आणि पंडिता रमाबाईंचं घे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्वतःबद्दल लिहिताना त्यांनी साफ म्हटलं आहे की मला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडल्याची खूण पटली ती १८९१ च्या सुमारास. या मधल्या वर्षांत त्या हात बांधून बसल्या नव्हत्या. शारदा सदन चालवत होत्या, विधवा मुलींना शिकवत होत्या, पुण्यातल्या लोकांच्या शिव्या खात होत्या. ख्रिस्त भेटला तो त्या कामाच्या गर्दीतच. रमाबाईंना आठ वर्षं लागली, मग तुला दोन वर्षांत सगळं लख्ख झालं नाही म्हणून घाबरायचं कशाला?

तरीही कोर्सचा विचार मनातून जात नसेल, तर पास्टरांना चार प्रश्न विचार. फी कोण भरणार? दोन वर्षं घरी पैसे कोण पाठवणार? कोर्सला मान्यता कुणाची? नंतर पगार कोण देणार आणि किती? आत्मिक प्रश्न नाहीत म्हणून लाजू नकोस. बुरूज बांधायला काढण्याआधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असं खुद्द येशूनेच सांगितलंय. उत्तरं गोलगोल आली तर तुला कळेलच. आणि मिरज-नगरच्या मिशन हॉस्पिटलांतून आपल्या कितीतरी मुली नर्स होऊन बाहेर पडल्या, त्या काय अर्धवेळ सेवेत होत्या?

हळदीकुंकवाचं फार लांबवत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय, सत्ताविसाव्या ओवीपासून पुढे वाच. बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढ्यात येईल ते खा, असं पौल मोकळेपणाने सांगतो, आणि कुठे थांबायचं तेही तिथेच सांगतो. पूजेत बसायचं नाही हे तुझं ठरलेलं असेल तर बसू नकोस, प्रसाद नको वाटला तर हसून नको म्हण, कुणी रागावत नाही. पण घरी जाणंच बंद? २४ डिसेंबरच्या रात्री तुझी ड्युटी कोण करतं गं? त्याच मुली ना?

झाले तुझे तीन प्रश्न. आता तू न विचारलेल्या गोष्टीकडे येते. ती तू 'कुणाचं वाईट चिंतत नाही' आणि 'मनावर काही ओझं नाही' या दोन वाक्यांच्या मधे सरकवून दिली आहेस. शाळेत उशिरा आलेली मुलगी ओळीत कशी गुपचूप घुसते, तशी.

मी ते कागदावर मांडलं. बारा जणी, २,००० रुपये, म्हणजे पहिल्या महिन्यात तुझ्या हातात २४,००० आले. तू पाच हप्ते भरलेस, १०,००० झाले. सात राहिले, १४,०००. ही रक्कम हवेत विरत नाही. दर महिन्याला ज्या बाईचा नंबर लागला तिला तिचे पुरते २४,००० द्यावेच लागतात, नाहीतर वॉर्डात तमाशा. भिशी चालवणारीच्या शब्दावर सगळ्या पैसे टाकतात. म्हणजे सात महिने, महिन्याच्या ठरल्या तारखेला, तुझे २,००० मावशींनी पदरचे घातले. वॉर्डातल्या मावशी बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, त्यांचा पगार काय असतो ते तुला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. त्यांच्याकडे एक वही असणार, शाळेच्या मुलांची असते तशी दोनशे पानी, आडव्या ओळीत नावं आणि उभ्या रकान्यांत महिने, भरलं की बरोबरची खूण. तुझ्या नावापुढे पाच खुणा आहेत. पुढच्या सात रकान्यांत त्यांनी काय लिहिलं असेल? रिकामे सोडले असतील की स्वतःच खुणा केल्या असतील?

आणि तू म्हणतेस मिटल्यातच जमा. कुणी मिटवलं? ज्याचे पैसे गेले त्याने मिटलं म्हणायचं असतं.

मी तुला चोर म्हणत नाही. नोकरी बदलली, खोली बदलली, नवा पगार व्हायला दोन महिने लागले असतील. पहिला हप्ता चुकला, मग लाज वाटली, लाज वाटली म्हणून फोन उचलला नाही, मग नंबरच सेव्ह राहिला नाही. हे असंच होतं, फार मोठा दुष्टपणा लागत नाही त्याला. पण दर महिन्याला २,००० तू फेलोशिपच्या पाकिटात घालते आहेस. आकडा बघितलास का? नेमका हप्त्याचाच. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांवर चिडतो, जे आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं आहे असं सांगून मोकळे होतात. देवाचं नाव पुढे करून माणसाचं देणं चुकवलेलं त्याला खपत नाही.

आता तुझी सही. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातली लावदिकीयाची मंडळी कोमट होती, हे पास्टरांनी बरोबर सांगितलं. पण पुढचीच ओवी त्यांनी वाचून दाखवली का? त्या मंडळीचा आजार तिथे सांगितला आहे. ती म्हणत होती, मी श्रीमंत आहे, मला काही उणं नाही. आपण कंगाल, आंधळे आणि उघडे आहोत याचा तिला पत्ताच नव्हता. भावना कमी पडली, पहाटे जाग आली नाही, असलं काही तिथे लिहिलेलं नाही. 'बाकी मनावर काही ओझं नाही' हे तुझं वाक्य मला त्या जातीचं वाटलं. तरी तू भिशीचं लिहिलंस. कुणी विचारलेलं नसताना लिहिलंस. आत कुठेतरी ते बोचतंय, नाहीतर समर्पणाच्या पत्रात भिशीचं काय काम?

पूर्ण मन म्हणजे खूप मन, असं तुला वाटतंय. म्हणून तू दर वेळी जास्त रडायचा प्रयत्न करतेस. तसं नाही ते. सगळं देवाला दिलं म्हणताना एखादी गोष्ट आपण नेमकी बाजूला काढून ठेवतो, आणि बहुतेक वेळा ती फार क्षुल्लक दिसते. नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांचा बाप्तिस्मा १९०० सालचा. त्याच्या आधीच त्यांची शिवाशिव सुटली होती. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. सोवळ्यात वाढलेल्या बाईचं सगळं अडलं होतं ते पाण्यापाशी. तुझं चौदा हजारांपाशी अडलंय.

लूकमधल्याच जक्कय या जकातदाराचं बघ. झाडावरून उतरला, येशू त्याच्या घरी गेला, आणि तिथे तो उभा राहून बोलला ते आकड्यांत बोलला. निम्मं गरिबांना, आणि कुणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट. नियमशास्त्र तर त्याहून कमी मागतं. गणना ५:७ मध्ये आहे की आपण होऊन कबूल केलं तर मुद्दल पुरतं द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा. तुझ्या बाबतीत १४,००० आणि २,८००, एकूण १६,८००. यातून तारण विकत मिळतं असा अर्थ काढू नकोस. येशू जक्कयाच्या घरात शिरला तेव्हा त्याने अजून एक पैसाही परत केलेला नव्हता. तुझ्याही घरात तो आधीच आलेला आहे, नाहीतर त्या मांडवात तुला कळवळून यायचं काही कारण नव्हतं.

कसं करायचं ते सांगते, कारण इथे लोक गडबड करतात.

मावशींचा नंबर जुन्या वॉर्डातल्या कुणाकडून तरी मिळव. कशाला हवाय विचारलं तर 'काम आहे' एवढंच. फोनवर सगळं उरकू नकोस, भेटायला येते म्हण. हॉस्पिटलमध्ये चारचौघींत गाठू नकोस, त्यांच्या घरी जा, सुट्टीच्या दिवशी. पहिले २,००० तरी हातात घेऊन जा, जास्त जमले तर जास्त. रिकाम्या हाताने माफी मागायला गेलीस तर त्यांना ती नवी थाप वाटेल, आणि वाटली तर त्यांचं काही चुकणार नाही. बोलायचं एवढंच: 'मावशी, माझे सात हप्ते राहिले. तुम्ही भरलेत ते मला कळलं होतं, तरी मी आले नाही. आजपासून देते.' देवाचं नाव तिथे काढू नकोस. प्रभूने मला पाठवलं म्हणू नकोस, पाकिटात सुवार्तेची पत्रिका सारू नकोस. त्यांचे पैसे त्यांना परत मिळतायत, त्याबदल्यात त्यांनी तुझी साक्ष ऐकून घ्यावी ही सक्ती कशाला?

त्या चिडतील कदाचित. त्या वेळी त्यांच्या मुलाची फी राहिली असेल, कुणाचं आजारपण आलं असेल, ते सगळं तुला ऐकवतील. ऐकून घे. मधे 'माझीही तेव्हा अडचण होती' म्हणून सुरू होऊ नकोस. किंवा त्या म्हणतील, जाऊ दे गं पोरी, झालं गेलं. तरी पैसे देच. तेव्हा मात्र हुरळून जाऊ नकोस. आणि फेलोशिपमध्ये पुढच्या शुक्रवारी उभं राहून याची साक्ष द्यायची नाही. कुणालाच सांगायचं नाही, रूममेटलाही नाही.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तुझ्यापुढे असेलच. दशांश थांबव. हो, मीच सांगतेय, ज्या घरात दशांशाचा डबा चुलीच्या वर असायचा त्या घरातली बाई. सात महिने ते २,००० मावशींकडे जाऊ देत, पुढच्या दीडेक महिन्यात पाचवा हिस्साही फिटेल. मग पुन्हा दशांश सुरू कर, फेलोशिपला की आपल्या मंडळीला ते तेव्हा ठरव.

पैसे दिल्या दिवशी, येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी झालं तसं, आभाळ उघडून कबुतर उतरेल असं धरून चालू नकोस. बसमधून परत येताना नुसतं दमल्यासारखं वाटण्याचीच शक्यता जास्त. नाइट ड्युटीत प्रार्थना पहिल्यासारखीच तुटक होईल. तेव्हा पहाटेचा एक तास वगैरे नवस करू नकोस, ड्युटीवाल्या मुलीला ते झेपत नाही आणि न झेपलं की तू पुन्हा स्वतःला कोमट म्हणायला लागशील. मार्कचं शुभवर्तमान घे, सोळा अध्याय आहेत, ड्युटीवर जाण्याआधी एक परिच्छेद, तोही जमला तर. रविवार हुकला तर चुटपुट लावून घेऊ नकोस, पुण्यात सकाळची उपासना हुकली तर संध्याकाळची कुठे ना कुठे असते. आणि महिन्यातून एकदा गावी जा. आईबरोबर प्रभुभोजनाला बस.

राहिले पास्टर. दोन महिने पाकीट आलं नाही की त्यांचा फोन येईल. घाबरू नकोस, खोटंही सांगू नकोस. एक जुनं देणं फेडतेय, फिटेपर्यंत देता येणार नाही, एवढं सांग. कुणाचं, किती, हे सांगायची गरज नाही. देवाचा वाटा आधी, असं ते म्हणाले तर मत्तय ५:२३ आणि २४ त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घे. वेदीपाशी अर्पण तसंच ठेवून आधी माणसाकडे जायला तिथे सांगितलं आहे. ते वाचूनही त्यांचं म्हणणं तेच राहिलं, तर फेलोशिप कुठली धरायची याबद्दल मला पुन्हा पत्र लिही.

तुझी,
बाई